पगारी वकिलाचा अशील कोण?

अशिलाला दिलेल्या सल्ल्याबद्दल खुद्द वकिलालाच समन्स धाडण्याची रीत तपासयंत्रणांनी सुरू केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तिची स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबरच्या निवाड्याने या रीतीला लगाम बसला, हे योग्यच झाले. मात्र त्याच निवाड्यात आणखी एक प्रश्न निकालात निघाला. कंपनीच्या पदरी पूर्णवेळ वेतनावर असलेल्या कायदेपंडिताला वकिलाचे संरक्षण आहे काय? न्यायालयाचे उत्तर नकारार्थी आहे. वकील व अशील यांच्यातील संभाषणाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमाने दिलेले गोपनीयतेचे कवच त्याला लाभणार नाही.

हा वाद केवळ वकीलमंडळींचा नाही. एके काळी मुंबईतील उद्योगसमूह आपली कामे फोर्टातील सॉलिसिटरांकडे सोपवीत. आज बँका, विमा कंपन्या, औषध कारखाने यांचे स्वतःचे विधी विभाग असतात. गृहकर्जाच्या करारावर शिक्षक वा कारकून न वाचताच सही करतो, त्यातील बारीक अक्षरांचा मजकूर बहुधा अशाच विभागात सिद्ध झालेला असतो. तक्रार आली तर ती मान्य करायची, तडजोड करायची की फिर्यादीला न्यायालयात थकवायचे, हा सल्लाही तेथूनच निघतो.

न्यायालयाची भूमिका तर्काला धरून आहे. बार कौन्सिलच्या ४९व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करणाऱ्या वकिलाला व्यवसाय थांबवावा लागतो. ज्याची बढती, वेतनवाढ आणि निवृत्तिवेतन एकाच मालकाच्या हाती आहे, तो त्या मालकाला स्वतंत्र बुद्धीने सल्ला देईल, असे कायद्याने गृहीत का धरावे? मुंबई उच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, महापालिकेच्या एका प्रकरणात, पगारी सल्लागाराच्या बाजूने कौल दिला होता, हे खरे. परंतु युरोपीय न्यायालयानेही अॅक्झो नोबेल प्रकरणात २०१० साली, स्पर्धाविषयक चौकशीपुरते, आपल्या सर्वोच्च न्यायालयासारखेच मत दिले.

उद्योजकांचा आक्षेप असा की, कवच नसेल तर व्यवस्थापक वकिलाला काही लेखी विचारणारच नाहीत. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण कवच असले म्हणजे सचोटी आपोआप येते काय? अमेरिकेत १९८१ च्या अपजॉन निकालापासून कंपनीतील वकिलांशी झालेल्या संभाषणालाही संरक्षण आहे. त्याच अमेरिकेत जनरल मोटर्सचे प्रकरण घडले. या कंपनीच्या काही मोटारींच्या इग्निशन स्विचमध्ये दोष होता. किल्ली धावत्या गाडीतच सरके, इंजिन बंद पडे आणि धडक बसली तरी जीव वाचवणारी हवेची पिशवी फुगत नसे. अपघातग्रस्तांचे दावे विधी विभागाकडे वर्षानुवर्षे येत होते. बाहेरच्या वकिलांनी दंडात्मक भरपाईचा धोका कळवला होता. विभाग दावे एकेक करून मिटवीत राहिला. ठरावीक रकमेखालच्या तडजोडी मुख्य विधी अधिकाऱ्याच्या मेजावर जातच नसत. आपल्याला हे सारे फेब्रुवारी २०१४ मध्ये समजले, असे त्या अधिकाऱ्याचे म्हणणे. त्या वर्षी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी मान्य केला. पंधरा कर्मचारी घरी गेले, त्यांत काही वकीलही होते. अहवाल वाचताना जाणवते ते असे की, यांत खलपुरुष शोधूनही सापडत नाही. प्रत्येकाने आपल्यापुढची फाइल चोख निकाली काढली होती. ती माणसे कोणासाठी काम करीत होती, हे मात्र कोणी विचारले नाही.

वकिलाचा अशील कंपनी ही कायदेशीर व्यक्ती असते, तिचा व्यवस्थापक नव्हे, असे पुस्तकात लिहिलेले आहे. व्यवहारात ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ हाच नियम चालतो. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपनी सचिव व मुख्य वित्त अधिकारी यांची गणना प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांत केली. मुख्य विधी अधिकाऱ्याचे नाव तेथे नाही. लेखापरीक्षकाला मुदतीपूर्वी काढायचे तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते, आणि अपहाराचा संशय आल्यास सरकारला कळवण्याचे बंधनही त्याच्यावर आहे. कायद्याच्या जाणकाराला मात्र ना असे बंधन, ना असा आधार. मुंबईतल्या एखाद्या बड्या कंपनीत त्याने सोमवारी प्रतिकूल अभिप्राय लिहिला, तर मंगळवारी त्याच्या हाती राजीनाम्याचा मसुदा देता येतो. एन्रॉनच्या पतनानंतर अमेरिकेने २००२ च्या कायद्याने वकिलावर गैरप्रकाराचा पुरावा वरिष्ठांकडे आणि त्यांनी दाद न दिल्यास संचालक मंडळापर्यंत नेण्याचे कर्तव्य घातले. त्याने सारे सुधारले नाही, हे जनरल मोटर्सने दाखवले. तरीही टेकायला एक काठी मिळाली.

गोपनीयतेचे कवच काढून घेणे हे अर्धे काम झाले. या अधिकाऱ्याची नेमणूक व बडतर्फी संचालक मंडळाच्या, त्यातही लेखापरीक्षण समितीच्या, संमतीवाचून होऊ नये आणि त्याचा लेखी इशारा त्या समितीपुढे जावाच लागेल, ही तरतूद संसदेने करावयाची आहे. कंपन्यांच्या नोकरीतील वकिलांना विधिव्यावसायिकांच्या व्याख्येत घेऊ पाहणारा वकील कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. वकील संघटनांच्या विरोधामुळे तो काही दिवसांतच फेरविचारासाठी मागे घेण्यात आला. त्या मसुद्यात पगारी वकिलाला नाव द्यायचे होते. त्याला संरक्षण देणारे कलम त्यात नव्हते.