पाच किलोंचे गिऱ्हाईक

तिलवाऱ्यात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून विकणाऱ्या एका दुकानदाराविरुद्धच्या कागदांवर मी सही केली आहे. २००० च्या नियंत्रण आदेशानुसार तो दोषीच. स्फोटाचे भयही खरेच. पण त्याचे गिऱ्हाईक कोण? भाड्याच्या खोलीतला, पत्त्याचा पुरावा नसलेला मजूर. २०१३ पासून पाच किलोंचे सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळते, पण घरगुती दरापेक्षा महाग! २०२१ मध्ये उज्ज्वला योजनेत स्थलांतरितांचे स्वघोषणापत्र चालू लागले. तेही फक्त स्त्रीच्या नावे. एकट्या पुरुषाने काय करावे? आधी त्याला घरगुती दराने सीलबंद सिलिंडर गल्लीतल्या वाण्याकडे मिळू द्या. मग छापे खुशाल घाला.