सगळ्यांवर ओरडणारी चौकट

मॉलच्या दारातली मेटल डिटेक्टरची चौकट येणाऱ्या प्रत्येकावर ओरडते आणि शेजारचा वॉचमन कुणालाच अडवत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या मते दोष वॉचमनचा कमी, सेन्सिटिव्हिटी लावणाऱ्याचा जास्त. चौकटीतल्या कॉइलमुळे धातूत एडी करंट उठतात. ते किती असले की बझर वाजवायचा, हे पासवर्डमागच्या मेनूत ठरतं. तिथला आकडा वर नेला की साहेब खूश! पण पट्ट्याचं बकलही वाजायला लागलं, तर कट्टा ओळखायचा कसा? सिग्नल नॉइजमध्ये बुडाला, एवढं तर आपल्या ईअँडटीसीवाल्यांना झोपेतही कळतं.

१८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला खुद्द ग्रॅहम बेल यंत्र घेऊन गेला. यंत्र चांगलं होतं. पण गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी निघाली. शिवाय डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती!

म्हणून आधी आसपासचं लोखंड बघा, ठरलेला नमुना तुकडा रोज चौकटीतून नेऊन पाहा, मग आकडा लावा. आणि वाजली की माणूस थांबवा. लोखंडी शटरला खेटून चौकट उभी करणाऱ्यांना मात्र काय सांगायचं, देव जाणे.