‘दाखवायला’ लागणारे पैसे

२०२५ ची चैत्र यात्रा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. जोतिबाचा डोंगर शांत झाला होता, पण पायऱ्या, भिंती, विजेचे खांब, दुकानांच्या फळ्या, सगळं अजून गुलाबीच होतं. वाडी रत्नागिरीतल्या बचत गटाच्या बैठकीला मी महिन्यातून एकदा कोल्हापूरहून जाते. त्या दिवशी बैठक संपली, चहा झाला, बायका घरोघरी गेल्या, तरी एक आक्का उठेनात. पायऱ्यांवर त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं आणि दवण्याचं दुकान आहे. मुलगी बी.एस्सी. झालेली, डिसेंबरात लग्न झालं. मुलगा अमेरिकेत, तिथलाच नागरिक झालेला. लग्नानंतर तो परत गेला आणि मुलगी व्हिसाची वाट बघत आईजवळ.

आक्कांनी मोबाइल पुढे केला. व्याह्यांचा निरोप होता. भाषा अगदी सभ्य. सुनेच्या व्हिसासाठी आर्थिक आधार दाखवावा लागतो, चिरंजीवांचं गेल्या वर्षीचं उत्पन्न थोडं कमी भरतं आहे, तरी पंधरा लाखांची मुदत ठेव त्यांच्या नावे करावी, व्हिसा झाला की परत करू.

“हुंडा न्हाई म्हणाले हुते ताई. मग ह्ये काय? दाखवायला पाहिजे म्हणत्यात. मी जावयाला विचारलो, तर त्यो म्हणतोय बाबांशी बोला. रान हाय, पर त्ये देवाचं इनाम, इकता येत न्हाई. बिल्वर तेवढं हाईत.”

मैत्रिणींनो, हुंड्याचे किती अवतार आपण पाहिले! स्कूटर, फ्लॅटचं डिपॉझिट, दवाखाना टाकायला पैसे. हा ‘दाखवायला’ लागणारा पैसा हा नवा अवतार. त्याच्यामागे परदेशी सरकारचा शिक्का आहे असं भासवलं जातं, म्हणून आईबाप लगेच मान तुकवतात. तेव्हा तो कागद खरोखर काय मागतो हे आपल्या प्रत्येक गटाला माहीत असायला हवं. मलाही ते उशिरा कळलं. ते कसं, ते पुढे सांगते.

अमेरिकेत कायमचं राहायला नवरा बायकोला, मुलगा आईला बोलावतो, तेव्हा त्याला एक प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागतं. त्याचा नंबर आय-८६४. १९९६ च्या कायद्याने ते आलं आणि १९९७ च्या डिसेंबरपासून लागू झालं. तिथलं सरकार दरवर्षी गरिबीच्या रेषेचा तक्ता काढतं. बोलावणाऱ्याचं उत्पन्न त्या रेषेच्या सव्वापट हवं. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर, चार माणसांच्या घराला ४०,१८७ (अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे). घरात कोण मोजायचं? तो स्वतः, त्याच्यावर अवलंबून असलेले, येणारी बायको, आणि यापूर्वी त्याने असंच प्रतिज्ञापत्र देऊन कुणाला नेलं असेल आणि ती जबाबदारी संपली नसेल, तर तेही. पुरावा म्हणून आयकराचं रिटर्न जोडायचं.

उत्पन्न कमी पडलं तर? मग मालमत्ता दाखवता येते, पण नुसती तूट भरून भागत नाही. नागरिक नवऱ्याने बायकोला नेताना तुटीच्या तिप्पट, इतर बहुतेक नात्यांत पाचपट, आणि तीही वर्षाच्या आत रोख करता येईल अशी. किंवा दुसरा जामीनदार आणायचा. तो तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला आणि तिथेच राहणारा पाहिजे. जोतिबाच्या पायरीवर बसणारी आई जामीन राहू शकत नाही. कायदा तिच्याकडे काही मागतच नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. येणाऱ्या बाईची स्वतःची मालमत्ताही या हिशेबात धरता येते, मग ती भारतात का असेना. म्हणजे ठेव दाखवायचीच असेल तर ती मुलीच्या नावावर असून चालते. मुलाच्या नावावर केली तर दाखवताही येईल, पण मग ती मुलाची झाली. ‘दाखवायला’ आणि ‘द्यायला’ यांत एवढा एका नावाचा फरक आहे. लग्नाच्या संबंधाने मागितलेली ठेव ही १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडाच ठरते, मग ती लग्नाआधी मागा की नंतर, आणि कारण व्हिसाचं सांगा की बारशाचं.

आता माझ्या उशिराबद्दल.

नऊ-दहा वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एका मुलीचा भाऊ आला. बहीण अमेरिकेत, ग्रीन कार्डावर. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, घटस्फोटाचा अर्ज टाकलेला. ती एका ओळखीच्या घरी पंधरा दिवस जमिनीवर झोपत होती. आम्ही फोनवर काय सांगितलं? ‘ये निघून. माहेर आहे, आम्ही आहोत.’ परित्यक्तांच्या प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या आम्ही बायका, आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. ती आली. आम्ही इथे पोटगीचा दावा लावला, ४९८-अ लावलं. नोटीस समुद्रापलीकडे पोचेना. तारखा पडत राहिल्या. वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, ग्रीन कार्ड हातचं गेलं.

पुढे केव्हातरी एका वकील मैत्रिणीने मला आय-८६४ चा शेवटचा भाग वाचून दाखवला. त्या प्रतिज्ञापत्राने सही करणारा माणूस सरकारशी करार करतो की या बाईचं उत्पन्न गरिबीच्या रेषेच्या सव्वापटीखाली जाऊ देणार नाही, आणि तो करार ती बाई स्वतः कोर्टात जाऊन अमलात आणू शकते. घटस्फोटाने तो संपत नाही, तसं फॉर्मवरच छापलेलं आहे. तो संपतो ती नागरिक झाली की, तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा झाल्या की, दोघांपैकी कुणी वारलं की, किंवा ती ग्रीन कार्ड सोडून देशाबाहेर गेली की.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचायला लावलं. तिचा हक्क आम्हीच तिला विमानात बसवून संपवला होता. तिला आजही ही गोष्ट मी सांगितलेली नाही. सांगायला हवी, हे कळतं.

एवढ्या वर्षांत तिथल्या कोर्टांनीही हा कागद बाईच्या बाजूने वाचला आहे. २०१२ मध्ये लिऊ विरुद्ध मंड या खटल्यात एका अपील कोर्टाने सांगितलं, की बाईने नोकरी शोधण्याची खटपट केली नाही म्हणून नवरा या जबाबदारीतून सुटत नाही. २०१६ मध्ये अर्लर खटल्यात दुसऱ्या अपील कोर्टाने ठरवलं, की लग्नाआधी ‘मी काही मागणार नाही’ असं लिहून दिलेलं असलं तरी हा करार उभाच राहतो. रक्कम काही मोठी नाही. एकट्या बाईला २०२५ च्या हिशेबाने वर्षाला सुमारे साडेएकोणीस हजार डॉलर, त्यातून तिची स्वतःची कमाई वजा. पण परक्या गावात भाडं भरून उभं राहायला तेवढ्याने फरक पडतो.

जिवावर बेतलं असेल तर कागद बघत बसायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण तेव्हाही ‘भारतात ये’ हा एकच रस्ता नसतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याकडून मारहाण होत असेल तर त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करण्याची सोय १९९४ पासून तिथल्या कायद्यात आहे. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठीचा कक्ष २००९ पासून आहे, त्याला लिहिता येतं. आणि एक गोष्ट नीट विचारून घ्या, मुलगी कुठल्या व्हिसावर गेली आहे? आपल्याकडच्या बऱ्याच मुली नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून, एच-४ वर जातात. तिथे हे प्रतिज्ञापत्र नसतंच. त्या बाईच्या हातात हा कागदही नाही.

आमच्या गटात यावर वाद झाला, तोही नोंदवते. एक मैत्रीण म्हणाली, “हा कागद मुळात बाईचा अपमान आहे. ती येण्याआधीच ती सरकारवर ओझं होणार असं धरलंय. असल्या कागदाच्या आधारावर आपण हक्क मागायचा?” तिचं म्हणणं खोटं नाही. ‘सरकारवर भार होईल’ अशा माणसाला बंदरावरूनच परतवायचा कायदा अमेरिकेने १८८२ मध्ये केला. त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. आपण कोल्हापूरकर त्यांचं नाव अभिमानाने घेतो, कारण परतताना त्यांची नेमणूक इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर झाली होती. पण त्यांच्या जाण्याचा हिशेब बघा. गोपाळरावांनी मिशनरी वाइल्डर यांना लिहिताना तिकडे स्वतःसाठी नोकरीचीही चौकशी केली होती. म्हणजे कमावता नवरा पुढे आणि शिकणारी बायको मागे, हीच कल्पना. ती नोकरी जमली नाही. आनंदीबाई अठराव्या वर्षी नवऱ्याशिवाय गेल्या, आणि त्यांना घरात ठेवून घेतलं ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. आजच्या भाषेत जामीनदार म्हणायचं तर ती एक बाई होती, आणि नात्यातलीही नव्हती.

ओझं कोण कुणाचं, हा प्रश्न या तक्त्याला पडतच नाही. मुलाने आईला कायमचं नेलं तर तक्त्यात घरातलं एक माणूस वाढतं आणि त्याला, २०२५ च्या तक्त्याप्रमाणे, वर्षाला ६,८७५ डॉलर जास्त कमाई दाखवावी लागत होती. आई म्हणजे एक खाणारं तोंड. ती तिथे जाऊन नातवंडं सांभाळणार, स्वयंपाक करणार, पाळणाघराचे पैसे वाचवणार, हे कुठल्याच रकान्यात नाही. आपल्याकडच्या शिरगणतीत घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ म्हणून लिहिली गेली, त्याचीच ही सख्खी बहीण.

ब्रिटनमध्ये तर वेगळाच जाच. तिथे जोडीदाराला आणायला २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंडांची कमाई लागू लागली, ती एप्रिल २०२४ मध्ये २९,००० केली. तिथली बाई नवऱ्याला बोलावत असेल तर तिला आधीच पुरुषापेक्षा कमी पगार, मुलं लहान असतील तर अर्धवेळ काम. अट सगळ्यांना सारखी, अडते मात्र ती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अट तत्त्वतः मान्य केली, पण नियमांत मुलांच्या हिताचा विचार नीट झालेला नाही, असंही सुनावलं.

तेव्हा अपमान आहेच. पण मी त्या मैत्रिणीला म्हटलं, पोटगीचा कायदा तरी काय सन्मानाने लिहिलाय? त्यातही बाई ‘स्वतःचं पोट भरू न शकणारी’ आहे. १२५ कलम होतं, २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत १४४ झालं, आकडा बदलला, नजर नाही. तरी आपण तो वापरतोच ना? उपाशी बाईला आधी कायद्याची भाषा सुधारू दे, असं सांगता येत नाही. अमेरिकेने हा करार बाईसाठी केला नाही, स्वतःच्या तिजोरीसाठी केला. करता करता तिच्या हातात एक हक्क पडला. तो तिला कुणी सांगत नाही, कारण तो सांगणाऱ्याच्या गैरसोयीचा आहे.

अर्थात कागद आंधळा आहे. सही करणारी बाई असेल तर तीच बांधली जाते. नर्स होऊन गेलेली, तिथली झालेली मुलगी नवऱ्याला बोलावते, पुढे तो हात उचलतो, ती वेगळी होते, तरी त्याला पोसायची जबाबदारी तिच्यावर राहू शकते. नणंदेच्या नाहीतर दिराच्या बायकोसाठी ‘फक्त सही कर’ म्हणून जामीन राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. आपल्या मुली आता सही करणाऱ्या बाजूलाही आहेत.

आक्कांना मी हे सगळं काही सांगितलं नाही. तीन गोष्टी सांगितल्या. पैसे ठेवायचेच तर मुलीच्या नावावर. व्याह्यांना लिहून विचारा, की तूट किती डॉलरची आहे आणि तिथे राहणाऱ्या कुणा नातेवाइकाला जामीन का घेत नाही. आणि जावयाने सही केलेल्या प्रतिज्ञापत्राची संपूर्ण प्रत, त्याच्या रिटर्नसकट, मुलीकडे आलीच पाहिजे. व्हिसाचे कागद तिच्याच केस नंबरावर चढतात, तेव्हा मागायला लाजायचं कारण नाही. एक प्रत तिच्याजवळ, एक इथे डोंगरावर, आईच्या ट्रंकेत.

आक्कांनी मोबाइल माझ्याकडेच दिला. निरोप मीच लिहिला, त्यांनी सांगितला तसा. ‘पाव्हणं, ठेव पोरीच्या नावानं करतो’ एवढंच त्यांना म्हणायचं होतं, बाकीचे दोन प्रश्न मी जोडले. पुढच्या महिन्यात बैठकीला गेले तेव्हा व्याह्यांचं उत्तर आलेलं होतं. ठेवीचं राहू द्या, मुलाच्या मामांनी जामीन राहायचं कबूल केलंय, असं लिहिलं होतं. मामा गेली वीस वर्षं तिथेच आहेत म्हणे. प्रतीबद्दल मात्र निरोपात एक अक्षर नव्हतं. मुलगी जवळच बसून खोबऱ्याच्या वाट्या पिशवीत भरत होती. म्हणाली, “मी विचारलोय त्यांना परवा. पुन्हा विचारतो.”