दोष हँगरबाहेरच्या थंडीत असतो

‘जमिनीवर तपासलं, दोष आढळला नाही’ एवढं लिहून विमानाची तक्रार मिटवून टाकण्याची सोयच बंद करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कॅनडात विनिपेगजवळ छोट्या विमानांची एव्हिऑनिक्स दुरुस्ती करतो. म्हणजे रेडिओ, जीपीएस, रडारला विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपाँडर आणि त्यांना वीज पोचवणारं सगळं वायरिंग. हिवाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या विमानांच्या लॉगबुकात वरचं वाक्य हमखास सापडतं. ते खोटं नसतं, हीच तर पंचाईत आहे. लिहिणाऱ्याने खरोखरच तपासलेलं असतं, फक्त 18 अंशांच्या उबदार हँगरमध्ये. वैमानिकाची तक्रार मात्र उणे 25 मधली असते. विमान आत ओढून घेतलं, दार लावलं, हीटर सुरू केला की दोष आपोआप बरा होतो, आणि मेकॅनिक निरोगी विमान तपासत बसतो.

थंडीत धातू आकसतो हे शाळेत शिकवतात, पण किती ते कुणी सांगत नाही. तापमान 50 अंशांनी उतरलं की एक मीटर ॲल्युमिनियम एक मिलिमीटरहून थोडं जास्त आखडतं. तांबं त्याहून कमी, पोलाद साधारण ॲल्युमिनियमच्या निम्मं. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, वायर तांब्याची आणि बोल्ट पोलादाचा. हँगरमधल्या 20 अंशांतून बाहेर उणे 30 मध्ये नेलं की एकाच सांध्यातले तीन धातू तीन वेगवेगळ्या मापांनी आखडतात. सांधा चांगला असेल तर काही बिघडत नाही. आधीच अर्धवट काँटॅक्टवर चाललेला असेल तर तेवढंही पुरतं.

थंडीचे इतरही उपद्व्याप आहेत. बॅटरीची ताकद घटते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टर जास्त करंट ओढतो. डिस्प्ले मंदावतात. केबिनमधल्या श्वासाची वाफ कनेक्टरमध्ये शिरून गोठते. पण हे दोष निदान सांगून येतात. मला बोलायचंय ते अधूनमधून येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाबद्दल.

छोट्या विमानाची वीज गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही. स्पार्क प्लगला ठिणगी देणारे मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतात. त्यामुळे पुष्कळ मालक ‘क्षणभर रेडिओच गेला ना’ म्हणून सोडून देतात. डिसेंबरात विनिपेगला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात, ढगात, उत्तरेकडच्या ओसाड मुलखावर जीपीएस आणि रेडिओ दोन्ही एकदम गेले की ‘क्षणभर’चा अर्थ कळतो. रेडिओ बंद पडला तर ट्रान्सपाँडरवर 7600 हा कोड लावावा असा नियम आहे; पण त्यासाठी ट्रान्सपाँडर तरी जिवंत हवा.

एक गृहस्थ 1970च्या दशकातलं, 14 व्होल्टचं (म्हणजे 12 व्होल्टची बॅटरी असलेलं) सेस्ना 172 घेऊन आले होते. उड्डाणानंतर थोड्या वेळात दोन्ही रेडिओ, जीपीएस आणि ट्रान्सपाँडर एकदम काळे पडायचे, काही सेकंदांत परत यायचे. अर्धा तास उडालं की त्रास नाहीसा. आधीच्या वर्कशॉपने जीपीएस बदलला. मग व्होल्टेज रेग्युलेटर बदलला. मग बॅटरी. प्रत्येक वेळी विमान हँगरमध्ये ठणठणीत, आणि पुढच्या गारठ्यात पुन्हा तेच.

मी त्यांना विचारलं, त्या क्षणी काय बंद पडलं नाही? हा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. त्यांनी आठवून सांगितलं: लँडिंग लाइट जळत होता, पॅनेलचे दिवे होते. झालं, बॅटरी आणि अल्टरनेटर निर्दोष सुटले. वीज येत होती, फक्त रेडिओंच्या घराण्यापर्यंत पोचत नव्हती किंवा तिथून परतत नव्हती. दुसरा प्रश्न, ऐकताना जातं की बोलताना? बोलायला बटण दाबलं की. प्रसारण करताना रेडिओ ऐकण्याच्या कित्येक पट करंट ओढतो. तिसरा प्रश्न, केबिनचा हीटर कधी लावता? उडाल्यावर लगेच. म्हणजे अर्ध्या तासात पॅनेलमागची जागा गरम होते आणि दोष झोपी जातो. पाना हातात घेण्याआधीच निम्मं काम झालं होतं.

उरलेलं निम्मं थंडीत केलं. विमान रात्रभर बाहेर उभं ठेवलं. इंजिनला हीटर लावला, केबिनला मुद्दाम नाही. सकाळी मल्टिमीटरची एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि दुसरी रेडिओंच्या अर्थिंगला. या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट दिसायला हवेत. ऐकताना आकडा किरकोळ होता. माइकचं बटण दाबलं आणि तो 3च्या पुढे गेला. बॅटरीच्या 12 व्होल्टमधले 3 परतीच्या वाटेतच खाल्ले गेले, तर जीपीएसने 9 व्होल्टवर मान टाकली यात त्याचा काय दोष?

पॅनेलमागे सगळ्या रेडिओंच्या अर्थच्या वायरी एकाच बोल्टवर आणलेल्या होत्या. बोल्ट घट्ट होता. वायरींच्या टोकाचं थिंबल काढून पाहिलं तर खाली ॲल्युमिनियमचा पांढरा बुरा. दोष कारखान्याचा नव्हे, पन्नासेक वर्षांच्या दमट-कोरड्या हवेचा. जागा घासून स्वच्छ केली, नवं थिंबल क्रिंप केलं, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळला. मग विमान पुन्हा बाहेर, पुन्हा गारठ्यात, पुन्हा तेच माप. आकडा शून्याला चिकटून राहिला.

हाच सांधा हँगरमध्ये ओहमवर मोजला असता तर मीटरने ‘सगळं ठीक’ म्हटलं असतं. शेतावर पाण्याची मोटर असलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मोटर बंद असताना मीटर लावा, व्होल्टेज भरपूर. मोटर सुरू केली की कोसळतं. लोड नसताना मोजलेलं व्होल्टेज ही निव्वळ समजूत असते. 10 अँपिअर जात असताना 0.3 ओहमचा अडथळासुद्धा 3 व्होल्ट गिळतो. म्हणून जुने वायरमन होल्डरमध्ये बल्ब अडकवून लाइन तपासायचे, ते अडाणीपणाचं नव्हतं. बल्ब लोड घेतो. मीही टेस्ट लॅम्प जवळ ठेवतो. शिवाय उणे 25ला डिजिटल मीटरचा स्वतःचाच डिस्प्ले रेंगाळतो, तो जॅकेटच्या आत जपावा लागतो.

आता पैशांचं. थिंबल, वॉशर, बोल्ट यांची किंमत कॉफीच्या कपाएवढी. तासांचं बिल मात्र बरंच झालं आणि मालक तिथे अडले. नव्या जीपीएसचे हजारो डॉलर त्यांनी आधी हूं की चूं न करता दिले होते. खोक्यातून आलेल्या वस्तूला पार्ट नंबर असतो, वॉरंटी असते, ती हातात घेता येते. थंडीत उभं राहून विचार केलेल्या तासाचं काय दाखवणार? हा काही कॅनडाचा स्वभाव नाही. पुण्या-नाशकात फ्रिजची पीसीबी बदलायला आपण तयार असतो, पण ‘नुसतं बघायचे’ दोनशे रुपये मागितले की मेकॅनिक लुटारू ठरतो. मग तोही शहाणा होतो आणि पीसीबी बदलतो. भाग बदलण्याची ही संस्कृती मेकॅनिकच्या आळसातून जितकी आली, तितकीच गिऱ्हाइकाच्या हिशेबातून आली आहे.

शोधाच्या नावाखाली तास फुगवणारे आमच्या धंद्यात आहेत, हे मान्य. त्यावर उपाय आहे. बिलासोबत मोजमाप लेखी मागा: कोणत्या दोन ठिकाणांमध्ये, किती तापमानाला, कोणत्या लोडवर, किती व्होल्ट. ज्याने खरंच शोधलं त्याच्याकडे हे आकडे असतातच. आणि कधी कधी दोष खरोखर खोक्याच्या आतच असतो, सोल्डरच्या बारीक तड्यात. तिथे कोल्ड स्प्रेने एकेक भाग गारठवून तो पकडता येतो. पण तेही शोधणंच झालं.

मोठ्या कंपन्या हे जाणतात. एअरबसने ए380 आणि ए350 ही विमानं थंडीच्या चाचणीसाठी थेट इकालुइटला, आर्क्टिकच्या उंबरठ्यावर नेली. अमेरिकेत ऐन फ्लोरिडात मॅकिन्ली प्रयोगशाळा आहे, तिथे अख्खं विमान आत घेऊन उणे 50च्या खाली गारठवतात. चार आसनी विमानाच्या मालकाला एवढं करायची गरज नाही. विमान दाराबाहेर ठेवलं की पुरे.

हे एखाद्या छोट्या रेडिओपुरतं नाही. 28 डिसेंबर 2014 रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं ए320 जावा समुद्रात कोसळलं, 162 माणसं गेली. इंडोनेशियाच्या तपास अहवालात मूळ दोष निघाला तो रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, हालचालीला मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमधल्या तडकलेल्या सोल्डरचा. तापमानाच्या चढउतारांनी पडलेले तडे. तोच बिघाड आधीच्या वर्षभरात 23 वेळा नोंदला गेला होता. त्या दिवशीही सूचना पुन्हा पुन्हा येत राहिली. चौथ्या खेपेला सर्किट ब्रेकर ओढून यंत्रणा बंद-चालू केल्यासारखी नोंद सापडली, ऑटोपायलट सुटला, आणि वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. बिघाड एकट्याने विमान पाडत नाही, पुढचं हाताळणंही चुकलं. पण 23 वेळा कुणीतरी ‘आता चालतंय’ म्हणून पुढे गेलं होतं.

माझ्या मते नियम असा हवा: एकच तक्रार दुसऱ्यांदा आली तर ती ज्या तापमानात आणि ज्या लोडवर झाली, तिथेच तपासल्याखेरीज बंद करता येणार नाही. यात मालकाचे पैसे वाचतात, वाढत नाहीत.

महाराष्ट्रातली अनेक मुलं पायलट व्हायला इकडे येतात, अनेक जण बारामती, शिरपूर, गोंदियात शिकतात. तिथे उणे 25 नसेल, पण पावसाळ्याची ओल याच थिंबलखाली शिरते. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे: स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, लिहिताना ‘रेडिओ गेला’ एवढ्यावर थांबू नका. बाहेरचं तापमान लिहा, इंजिन सुरू करून किती मिनिटं झाली होती ते लिहा, बोलताना गेला की ऐकताना ते लिहा, आणि त्या वेळी काय चालू राहिलं होतं तेही लिहा. इन्स्ट्रक्टर हसला तरी लिहा.