अटकेनंतरचा रमण राघव

‘उपनगरांच्या आठवणी’ हा यंदाच्या अंकाचा विषय जाहीर केला आणि घाटकोपर-मुलुंडपासून मालाड-बोरिवलीपर्यंतच्या वाचकांनी भरभरून लिहिलं. पुनर्विकासात गेलेल्या चाळी आहेत, तुंबलेले पावसाळे आहेत. साठच्या दशकात रात्री उपनगरांतल्या झोपलेल्या माणसांचे खून करणारा रमण राघवही आहेच. त्याच्यावरचे लेख वाचताना मात्र वर्षभर एकच गोष्ट खटकत राहिली. लाठ्या घेऊन गस्ती, कड्या लावलेली दारं, आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला पकडलं की लेख संपतो.

पुढचं कुणी लिहीत नाही. १९६९ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा पोलीस सर्जननी त्याला निरीक्षणाखाली ठेवून अहवाल दिला : स्मरणशक्ती शाबूत, बुद्धी सर्वसाधारण, कृत्याची जाण आहे. फाशीची शिक्षा झाली. ती कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं आणि त्यांनी निदान केलं, जुना, बरा न होणारा स्किझोफ्रेनिया. फाशीची जन्मठेप झाली ती १९८७ मध्ये. १९९५ मध्ये तो ससून रुग्णालयात वारला.

त्याने मारलेली माणसं फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारी गरीब माणसं होती. त्यांना न्याय मिळायलाच हवा होता. पण घाव आठवतो म्हणून मन निरोगी, हे गणित चूक आहे. स्किझोफ्रेनियात सगळं लख्ख आठवू शकतं. बिघडतो तो त्या आठवणीचा अर्थ. उलट अपस्माराच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला खरोखरच आठवत नाही, तर पोलीस ठाण्यात त्याला ढोंगी ठरवायला वेळ लागत नाही.

महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीला ठार मारलं. तो लपला नाही, पळाला नाही. मनाचा आजार आधीपासूनचा होता, उपचारही झाले होते. त्या आजारामुळे सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं ते २००२ मध्ये.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. मनाच्या आजारामुळे कृत्याची जाण नसलेल्याला गुन्हेगार न मानणारं १८६० च्या दंड संहितेतलं ८४ वं कलम नव्या संहितेत २२ वं झालं, मजकूर जवळजवळ तोच. मनाचा आजार सिद्ध करण्याचं ओझं आजही आरोपीवरच आहे. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याने मेंदूचे कागद कुठून आणायचे?

म्हणून मागणी साधी आहे. गंभीर गुन्ह्यातल्या प्रत्येक आरोपीची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी अटकेनंतर लगेच झाली पाहिजे, सरकारी खर्चाने. वाचकांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त पोलीस अधिकारीही आहेत. त्यांनी यावर लिहावं. पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो.