पावत्यांची बेरीज म्हणजे किंमत नव्हे

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास सापडतं. "आत्तापर्यंत ४० हजार डॉलर घातलेत, सगळ्या पावत्या आहेत, ३० ला देतोय. काम नव्वद टक्के झालंय." आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. "कोड तयार आहे हो, फक्त टेस्टिंग राहिलंय" याचाच हा सख्खा भाऊ :)

ज्यांना या गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्यासुध्या गाडीत कंपनीनेच बसवलेलं दांडगं व्ही-८ इंजिन. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने आपल्या टेंपेस्ट मालिकेतल्या गाडीत ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन घालून जी.टी.ओ. काढली आणि साथ पसरली. मग विम्याचे वाढते हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३ चा तेलाचा धक्का यांनी खेळ आटोपला. जेमतेम दहा वर्षांचा जमाना. पण तेव्हाची कॉलेजातली पोरं आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली एक अर्धवट उघडलेली गाडी आहे. तीच 'प्रोजेक्ट कार'. वडील गेल्यावर तिची किंमत ठरवायचं काम मुलांवर येतं, आणि इथेच घरोघरी भांडणं लागतात.

मी डेट्रॉईटच्या परिसरात राहतो. इथे १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, त्यामुळे हा विषय टाळू म्हटलं तरी टळत नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी १९६९ ची कॅमारो अशीच मागे ठेवली. बारा वर्षं दर शनिवारी ते तिच्यावर काम करत होते. इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, चारही चाकांना डिस्क ब्रेक. रंग नाही, सीटा नाहीत, वायरिंग लोंबतंय. "तू आकडेमोडीत बरा आहेस, जरा हिशेब मांडून दे," म्हणाला. तो हिशेब कसा मांडला ते सांगतो, कारण माझं मत त्यातच आहे.

पहिला प्रश्न : गाडी जन्माला काय म्हणून आली? १९६९ साली दोन लाख चाळीस हजारांहून जास्त कॅमारो बनल्या. त्यातल्या झेड/२८ सुमारे वीस हजार. पण त्या वर्षीच्या चासी नंबरावरून गाडी सहा सिलिंडरची की व्ही-८ इतकंच कळतं, झेड/२८ आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी जुनी कागदपत्रं लागतात आणि इंजिनवर ठोकलेला नंबर चासीशी जुळावा लागतो. आता गंमत बघा. अस्सल झेड/२८ मधलं मूळ ३०२ घनइंची इंजिन काढून फेकून दिलं आणि आधुनिक एल.एस. इंजिन बसवलं, तर किंमत पडते. तेच इंजिन साध्या सहा सिलिंडरच्या गाडीत बसवलं तर बहुधा वाढते, कारण गमावण्यासारखं मुळात काही नव्हतंच. बदल तोच, निकाल उलटा. म्हणून "मॉडिफाय केली म्हणजे वाट लावली" म्हणणारे सनातनी आणि "जास्त हॉर्सपॉवर म्हणजे जास्त पैसे" म्हणणारे उत्साही, दोघंही मला पटत नाहीत.

दुसरा प्रश्न : केलेलं परत फिरवता येतं का? नटबोल्टने बसवलेलं काढता येतं. पत्रा कापून, वेल्डिंग करून केलेलं नाही. मूळ इंजिन कोपऱ्यात जपून ठेवलं असेल तर पुढच्या मालकाला दोन रस्ते उरतात, विकून टाकलं असेल तर एकच. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. मागे जाता येतं त्या बदलाची भीती कमी असते.

तिसरा : गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. मागच्या चाकांच्या कमानी, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या काचेची खालची कड, या जागा आधी बघायच्या. लोहचुंबक फिरवायचा. तो चिकटला नाही की वरच्या गुळगुळीतपणाखाली पुट्टी भरलेली आहे असं समजायचं. पत्र्याचे सुटे भाग आजही नवे मिळतात, पण ते बसवण्याची मजुरी भागांपेक्षा सहज जास्त होते. चकचकीत इंजिनचा फोटो बघून लोक भाळतात आणि खालचा पत्रा बघायला विसरतात.

आणि मग शेवटून मागे यायचं. नमुन्याचे आकडे घेऊ. अशीच पूर्ण झालेली गाडी ६० हजारांना जाते. उरलेल्या कामाचा अंदाज २८ हजार. अर्धवट कामाचा अंदाज कधीच पुरत नाही, म्हणून त्याला दीडने गुणा : ४२ हजार. उरले १८. मग दुसरीकडून तपासा, सगळे भाग सुटे करून जुन्या बाजारात विकले तर किती येतील? ते १८ पेक्षा जास्त असतील तर तो तळाचा भाव. या अख्ख्या गणितात पावत्यांचे ४० हजार कुठे आले? कुठेच नाही.

"बाबाच्या बारा वर्षांचे अठरा?" सहकाऱ्याने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता.

माझं उत्तर असं, की हे त्या बारा वर्षांचे नाहीतच. ती वर्षं वडिलांनी स्वतःच वसूल केली, दर शनिवारी. बाजार आठवणीचे पैसे देतो, नाही असं नाही. 'बुलिट' सिनेमातली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, आणि तीही जुना रंग, पोचे, गंज सगळ्यासकट. चित्रीकरणासाठी केलेली जोडाजोडही तशीच होती. पण ती आठवण जगाला ठाऊक होती. आपल्या वडिलांची फक्त आपल्याला ठाऊक असते, आणि गिऱ्हाइकाने तिचे पैसे द्यावेत ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करते आणि आपल्यालाही कडवट करते.

पावत्या मात्र फेकू नका. रक्कम म्हणून नव्हे, माहिती म्हणून त्या मोलाच्या आहेत. कुठला कॅमशाफ्ट, कुठलं गिअर रेशो, कुठली वायर कुठे जाते, हे कळलं तर पुढच्याची भीती कमी होते आणि दीडचा गुणाकार सव्वावर येतो. वरच्याच आकड्यांत तो फरक सात हजारांचा. नावं लिहिलेल्या पिशव्यांत ठेवलेले नटबोल्ट नव्या कार्ब्युरेटरपेक्षा जास्त कमावून देतात, बरं का!

आणि ठेवायची की विकायची हे ठरत नसेल तर एकच प्रश्न विचारा : हीच गाडी परक्याकडे असती तर आज १८ हजार मोजून मी ती आणली असती का? 'हो' आलं तर खुशाल ठेवा, भाव विसरा आणि शनिवार मोकळा करा. 'नाही' आलं तर ताडपत्रीखाली आणखी दहा वर्षं गंजू देण्यात वडिलांचा मान नाही. ती कुणीतरी पुरी करून रस्त्यावर आणण्यात आहे.

गॅरेजात अशी गाडी असणाऱ्या काकालोकांना मात्र एक विनंती : हा हिशेब तुम्हीच मांडून ठेवा. काय झालंय, काय राहिलंय, मूळ इंजिन कुठे आहे, सगळं एका वहीत. मुलांना गाडीपेक्षा ती वही जास्त लागणार आहे.