आमच्यात चालतं

आषाढी एकादशीच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरुपद्रवी प्रश्न टाकला : ‘उपासाला कोथिंबीर चालते का?’

बायको माहेरी गेली होती. साबुदाणा आदल्या रात्री मीच भिजवला होता, तिच्या फोनवरच्या देखरेखीखाली. (‘बुडेल न बुडेल एवढंच पाणी. तळं करू नकोस.’) दाण्याचं कूट तयार होतं, तुपात जिरं तडतडलं होतं, मिरच्या पडल्या होत्या. एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन मी उत्तराची वाट पाहत उभा राहिलो.

पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीत सगळा महाराष्ट्र एकावर एक रचून ठेवलाय. चिंचवडच्या कारखान्यांनी आधीच्या पिढीला बोलावलं, हिंजवडीच्या कंपन्यांनी पुढच्या. खाली सातारा, वर अमळनेर, समोर अकोला, गॅलरीतून ओरडलं तर मालवण. एरवी पार्किंगवरून भांडणारी ही मंडळी उपासाच्या प्रश्नावर भांडत नाहीत, निवाडे देतात.

‘चालते,’ असं पहिलं उत्तर आलं. ‘अजिबात नाही,’ दुसरं. ‘देठ काढून चालते,’ तिसरं. यामागचं शास्त्र मला अजून उमगलेलं नाही. मग अकोल्याच्या वहिनींनी लिहिलं, ‘आमच्याकडे साबुदाण्याच्या उसळीत कोथिंबीर लागतेच.’ त्यावर साताऱ्याचे काका हादरले. ‘उसळ? उपासाला कडधान्य?’ मग विदर्भात खिचडीलाच उसळ म्हणतात हे काकांना समजावण्यात दहा-बारा मेसेज गेले. तेवढ्यात अमळनेरच्या काकूंनी ‘भगरीत घालत असाल तर’ अशी सुरुवात केली आणि साताऱ्याने विचारलं, भगर म्हणजे काय? वरीचे तांदूळ हो, वरीचे तांदूळ! आयुष्यभर दोघंही एकादशीला तेच खात आले होते, फक्त ओळख झालेली नव्हती.

इकडे माझ्या कढईत मिरच्या काळ्या पडल्या.

या साऱ्या गदारोळात माझं लक्ष एका क्रियापदाने वेधून घेतलं. ‘चालतं.’ कुणीही ‘धर्मात असं लिहिलंय’ म्हणत नव्हतं. ‘मला वाटतं’ असंही नाही. सगळे म्हणत होते, ‘आमच्यात चालतं’ किंवा ‘आमच्यात नाही चालत.’ चालवणारा कोण, ते वाक्यात कुठेच नाही. गावाला जाणारी पायवाट जशी कुणीही न बांधता तयार होते, तशी ही परवानगी. आणि ‘आमच्यात’ म्हणजे तरी कोण? जात म्हणावी, तर एकाच जातीतल्या दोन घरांत कोथिंबिरीवरून मतभेद. गाव म्हणावं, तर एकाच गल्लीत भेंडीवरून. शेवटी ‘आमच्यात’चा अर्थ बहुतेक वेळा ‘आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात’ एवढाच निघतो.

माझ्या आजीला लहानपणी मी हे विचारलं होतं. तिच्याकडे बटाटा चालायचा, टोमॅटो नाही. का? ‘ते लाल असतं,’ ती म्हणाली. मिरची लाल असते. ‘आपण हिरवी घालतो.’ हे कुणी ठरवलं? ‘माझ्या सासूबाईंनी.’ त्यांना कुणी सांगितलं? आजीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढची तीस-चाळीस वर्षं मी तो प्रश्न विचारला नाही. मग म्हणाली, ‘त्यांना विचारायची सोय होती का?’

पण आता कोथिंबिरीने तो प्रश्न परत उकरून काढला. खिचडीची वाटी पुढ्यात घेऊन बसलो आणि तिच्याकडे जरा पोलिसी नजरेने पाहिलं. बटाटा : मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. शेंगदाणा : तोही दक्षिण अमेरिकेचाच. मिरची : मेक्सिकोच्या बाजूची. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो ब्राझीलकडचा. शेजारच्या ताटलीत राजगिऱ्याचा लाडू होता, त्याचं घराणंही अमेरिकेतलंच. एवढी सगळी मंडळी बोटीने आली, बरीचशी पोर्तुगीजांच्या. वाटीत इथलं म्हणावं असं तूप तेवढं. जिरंसुद्धा पश्चिमेकडून आलेलं, पण त्याला इतके दिवस झालेत की आता त्याच्याकडे कागदपत्रं मागणं बरं दिसणार नाही.

ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती १२९६ साली. कोलंबस अटलांटिक ओलांडून पलीकडच्या बेटांना लागला १४९२ साली. मधे दोनशेला चारच वर्षं कमी. म्हणजे माउलींच्या काळातल्या कुठल्याही वारकऱ्याने एकादशीला खिचडी खाल्लेली असणं शक्यच नाही. ज्या पदार्थाशिवाय आमची आषाढी पुरी होत नाही, त्यातला साबुदाणा, बटाटा, दाणा आणि मिरची त्या वेळी समुद्रापलीकडे होती. आणि ज्यांनी हजारो वर्षं या देशाला पोसलं ते तांदूळ, गहू, तूर, मूग मात्र त्या दिवशी दाराबाहेर. परक्याला पाट आणि घरच्याला उंबरा!

यावर मी एक सिद्धान्त बांधला. (एकट्या माणसाने उपास केला की असं होतं.) जुन्या नियमांनी धान्यांना नावानिशी बंदी घातली असणार. नवी मंडळी आली तेव्हा बंदीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. म्हणून सुटली. कायद्यातली पळवाट, दुसरं काय.

सिद्धान्त फार वेळ टिकला नाही. मकाही अमेरिकेचाच, यादीत त्याचंही नाव नसणार, तरी मक्याची भाकरी एकादशीला चालत नाही. टोमॅटोचं तर आजीने सांगितलंच. मग बटाट्यात असं काय होतं? माझा आताचा अंदाज असा, की पाहुणा कुणासारखा दिसतो ते पाहून त्याला बसवलं गेलं. मका दाणेदार कणसात आला, तो धान्याच्या पंगतीत गेला. बटाटा मातीतून निघाला. ऋषिमुनी कंदमुळांवर राहत ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सुरणाच्या शेजारची जागा त्याला आपसूक मिळाली. नावही त्याने दुसऱ्याचंच आणलं. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, पण तो मूळचा कॅरिबियन बेटांवरचा, आणि तिथे तो रताळ्यासाठी होता. आमच्या उपासाच्या ताटात दोघं शेजारी बसतात, एक नाव घेऊन आणि दुसरा नाव गमावून. मिरची आली ती मिऱ्याच्या जागेवर. तिच्या नावातही ‘मरिच’ अजून ऐकू येतो. आणि शेंगदाणा तर खरा लबाड. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो तुरीचा, हरभऱ्याचा भाऊबंद, म्हणजे उपासाला सपशेल अपात्र. पण शेंगा धरतो जमिनीखाली. तिथे लपला म्हणून वाचला असावा.

साबुदाण्याची कथा याहून गुंतागुंतीची. तो तोतया आहे. मलय भाषेत ‘सागु’ म्हणजे एका ताडासारख्या झाडाच्या खोडातला पिठूळ गर. खरा साबुदाणा त्याचा, आग्नेय आशियातला. कसावा केरळात लोकांचं अन्न झाला त्यात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांचा मोठा वाटा. त्यांची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची, १८८० ते १८८५, पण दुष्काळात गरिबाच्या पोटाला आधार म्हणून त्यांनी या कंदाला उत्तेजन दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल यायचा थांबला तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात या कंदाच्या पिठापासूनच दाणे वळायला सुरुवात झाली. कंद सोलायचा, किसायचा, त्याचं दूध हौदात निवळू द्यायचं. खाली बसलेलं ओलं पीठ झोळीत घालून हलवायचं. हलता हलता त्याचे मोती होतात. मग ते तापल्या तव्यांवर परतायचे आणि उन्हात पसरायचे. ताडाचं नाव, कंदाचं पीठ आणि मोत्याचं रूप. उत्पादकांची सहकारी संस्था सेलममध्ये १९८१ साली उभी राहिली. महाराष्ट्राचा उपास इतकी वर्षं तमिळनाडूच्या उन्हात वाळतोय आणि आम्हाला त्याचा पत्ता नाही.

मला पत्ता लागला तो त्याच संध्याकाळी.

आषाढीला आमच्या सोसायटीत क्लबहाऊसमध्ये भजन असतं आणि भजनानंतर ज्याने त्याने घरून आणलेला फराळ. (‘फराळ’ म्हणजे फलाहार. टेबलावर फळ म्हणाल तर केळ्यांचा एक फणा, तोही शोभेला.) खिचडी चार प्रकारची होती, त्यातली एक माझी, बिनकोथिंबिरीची, भीतीपोटी. भगर होती, दाण्याची आमटी होती, शिंगाड्याचा शिरा होता. रताळ्याचे काप मालवणहून, म्हणजे बी विंगमधून, आले होते. आणि टेबलाच्या टोकाला चारशे दोनमधल्या बाईंनी स्टीलचा डबा उघडून ठेवला. त्या तमिळ. इथे येऊन दोनच वर्षं झालेली. डब्यात रव्याचा उपमा होता. वर मोहरी, कढीपत्ता, उडदाची डाळ.

शांतता पसरली. रवा! वर उडीद! एखाद्या लग्नात कुणी पांढरी साडी नेसून यावं तशी सगळ्यांची तोंडं. साताऱ्याच्या काकांनी टाळ खाली ठेवला.

बाईंना चूक कळेना. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की त्यांच्या घरी एकादशीला भात खात नाहीत. भात सोडला, बस्स. रात्रीला उपमा, नाहीतर चपाती. त्यांच्या आईचा, आजीचा हाच उपास. मग त्यांचंच लक्ष खिचडीकडे गेलं आणि त्यांचा चेहरा बदलला. एक दाणा चिमटीत धरून म्हणाल्या, ‘जव्वरिसी!’ त्या सेलमजवळच्या गावातल्या निघाल्या. शाळेच्या वाटेवर कारखान्याचं आवार, तिथे पसरलेलं पांढरं शुभ्र वाळवण, आंबूस वास आणि पाखरं हाकलणारी पोरं, असं सगळं त्या सांगत गेल्या. एवढा माल जातो कुठे, हा त्यांना लहानपणी पडलेला प्रश्न होता. त्यांच्या घरी सणासुदीला पायसम व्हायचं, उन्हाळ्यात पापड. त्यात कितीसा लागणार? मग टेबलावरच्या चार पातेल्यांकडे बघून त्या हसायलाच लागल्या.

उपमा मात्र तसाच राहिला. कुणी म्हणालं, फ्रीजमध्ये ठेवू, उद्या द्वादशी, पारण्याला खाऊ. कुणी म्हणालं, मुलांना द्या, मुलांना सगळं चालतं. बाई डब्याचं झाकण शोधू लागल्या.

अमळनेरच्या काकू उठल्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, सकाळी कोथिंबिरीला ठाम नकार देणाऱ्यांत त्या पहिल्या. त्यांनी मला विचारलं, ‘का रे, यांच्यात चालतं म्हणते ना ती?’ मी म्हटलं, हो, यांच्यात चालतं.

‘मग इथे नको,’ काकूंनी डबा उचलला आणि बाईंचा हात धरला. ‘चल गं, तुझ्या घरी बसून खाते.’

आणि त्या दोघी लिफ्टकडे गेल्या.